मृगया, शिकार आणि पारध : बारामती-इंदापूरच्या माळरानावरून मराठी शिकारलेखनाकडे पाहताना

सारांश

मराठीतील शिकारविषयक व वन्यजीवनविषयक लेखन प्रामुख्याने घनदाट अरण्याच्या पार्श्वभूमीवर उभे राहिले आहे. उघड्या माळावर होणाऱ्या काळवीट व चिंकारा यांच्या शिकारीचा स्वतंत्र विचार त्यात अपवादानेच आढळतो. प्रस्तुत लेखात 'मृगया', 'शिकार' आणि 'पारध' या तीन शब्दांच्या आधारे माळावरील शिकारीची तीन सामाजिक रूपे तपासली आहेत. एकाच कृतीला राजाच्या बाबतीत पराक्रम, साहेबाच्या बाबतीत छंद आणि पारध्याच्या बाबतीत गुन्हा ठरविणारी दृष्टी आपल्या भाषेत व वाङ्मयात कशी रुजली, आणि त्या दृष्टीमुळे माळरानाचे ज्ञान कसे दुर्लक्षित राहिले, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : माळरान, चिंकारा, काळवीट, फासेपारधी, शिकारलेखन, गाथासप्तशती, व्यंकटेश माडगूळकर.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके आज ऊस, साखर कारखाने, दूधसंस्था आणि द्राक्षबागा यांच्यामुळे ओळखले जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला नीरा डावा कालवा आणि १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण यांनी या प्रदेशाचे रूप पालटले. परंतु पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेला एक मोठा पट्टा आजही मूळच्या स्वरूपात दिसतो. सुपे, मोरगाव, शिर्सुफळ, कडबनवाडी या परिसरातील मुरमाड उतार, कुसळीचे गवत, बाभळी-बोरींची विरळ झुडपे आणि त्यातून वाट काढणारी मेंढरांची खांडे हे त्याचे रूप होय. सुप्याजवळील मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि ते ओळखले जाते ते चिंकाऱ्यासाठी. भीमेपलीकडे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० पासून आहे.

हा प्रदेश मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. भीमथडीची तट्टे इतिहासात गाजली. मोरगावचा मयूरेश्वर आणि शेजारच्या पुरंदर तालुक्यातील जेजुरीचा खंडोबा हे तर महाराष्ट्राच्या श्रद्धाजीवनाचे मानबिंदू होत. असे असूनही या माळावरचा वन्यजीव, आणि त्याचा पाठलाग करणारा माणूस, वाङ्मयात फारसा स्थिरावला नाही. असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. उघड्या माळावरील शिकारीचे स्वरूप

अरण्यातील शिकार ही आडोशाची शिकार असते. मचाण, पाणवठा, हाका आणि दाट झाडी यांच्या साहाय्याने शिकारी स्वतःला लपवितो. प्राणी शेवटच्या क्षणी समोर येतो आणि कथेची उत्कंठा त्या क्षणात साठवलेली असते. माळावर मात्र परिस्थिती उलटी असते. तेथे शिकाऱ्याने प्राण्याला पाहण्यापूर्वीच प्राण्याने शिकाऱ्याला पाहिलेले असते. काळवीट कळपाने राहतो. सपाट गवताळ जमीन त्याला मानवते आणि वेग हेच त्याचे संरक्षण असते. चिंकारा अंगाने लहान असून एकेकटा किंवा चार-दोनांच्या गटात खडकाळ उतारावर वावरतो. पाण्यावाचून तो दीर्घकाळ राहू शकतो, कारण पाला, फळे आणि दव यांतून त्याची बरीच गरज भागते. मृगजळ या शब्दात हरिणाची तहान गृहीत धरलेली आहे. प्रत्यक्षात मृगजळाच्याच प्रदेशात अल्पशा पाण्यावर निभावणारा प्राणी म्हणजे चिंकारा होय. शब्द आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

अशा सावध व वेगवान प्राण्याजवळ पोहोचायचे कसे, या प्रश्नाचे जे उत्तर निरनिराळ्या काळांतील शिकाऱ्यांनी शोधले, त्यात एक विलक्षण साम्य आढळते. राजे-रजवाडे शिकारीचा चित्ता डोळ्यांवर टोपडे घालून बैलगाडीतून कळपाजवळ नेत, कारण काळवीट बैलगाडीला बुजत नसे. इंग्रज अंमलदार शेतकऱ्याच्या गाडीच्या आडोशाने चालत बंदुकीच्या टप्प्यात येत. फासेपारधी शिकविलेला बैल किंवा गाय पुढे घालून तिच्या आड सरकत जाई. साधने भिन्न असली तरी आडोसा एकच होता, आणि तो म्हणजे गुरे. याचा अर्थ असा की, माळावरील हरिणाने माणसाचा, त्याच्या गाडीचा आणि गुरांचा वावर आपल्या जगाचा भाग म्हणून स्वीकारलेला होता. माळ हा निर्मनुष्य निसर्ग कधीच नव्हता. चराई, शेती आणि वन्यजीव यांचे ते सामाईक क्षेत्र होते. हे सामाईकपण ज्या वाङ्मयाच्या दृष्टीतून सुटले, त्या वाङ्मयाला माळ 'ओसाड' दिसला, यात नवल नाही.

३. मृगया : राजाचा पराक्रम आणि त्यावरील शाप

'मृग' हा शब्द मूळात कोणत्याही वन्य पशूसाठी वापरला जाई. पुढे तो हरिणापुरता सीमित झाला. 'मृगया' म्हणजे अशा पशूचा शोध. संस्कृत वाङ्मयात मृगया हा राजाचा विशेष अधिकार असला, तरी त्याविषयीची अस्वस्थताही तेथेच नोंदलेली आहे. मनुस्मृतीने मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली. महाभारतातील पांडू हरिणरूपातील किंदम ऋषीचा वध करतो आणि शापित होतो. रामायणातील दशरथ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि श्रावणाच्या मृत्यूस कारण ठरतो. सीतेच्या हट्टाखातर रामाने केलेला मायावी हरिणाचा पाठलाग तर संपूर्ण कथेचाच मार्ग बदलतो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचलेल्या 'गीतरामायणा'मुळे हा प्रसंग आधुनिक मराठी मनातही पक्का रुजला आहे.

कालिदासाच्या 'शाकुंतला'त या द्वंद्वाची सर्वांत सूक्ष्म मांडणी आढळते. आरंभीच धावत्या हरिणामागे रथ हाकणाऱ्या दुष्यंताला तपस्वी अडवितात. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो : शरीर हलके होते, भीतीत व क्रोधात प्राणी कसा वागतो ते कळते, चल लक्ष्यावर नेम बसतो. विदूषक मात्र त्या धावपळीला कंटाळलेला आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'ने हे नाटक मराठी रंगभूमीच्या केंद्रस्थानी आणले. सेनापतीच्या युक्तिवादातील एक गोष्ट लक्षणीय आहे. शिकारीतून प्राण्याच्या चित्तवृत्तीचे ज्ञान होते, हे तो मान्य करतो. परंतु ते ज्ञान राजाच्या शस्त्रकौशल्यासाठी आहे. ज्याची उपजीविकाच त्या ज्ञानावर चालते, असा माणूस त्या युक्तिवादात कोठेच नाही.

त्या माणसाला पहिल्यांदा जवळून पाहिले ते महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'ने. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे हा संग्रह मराठी अभ्यासकांच्या हाती सटीक आला. त्यात व्याधाचे घर आहे, त्याची नवी नवरी आहे, तिच्या ओढीने दुबळा झालेला आणि धनुष्य तासून हलके करणारा तरुण शिकारी आहे. एका गाथेत हरीण व हरिणी परस्परांना वाचविण्यासाठी बाणासमोर येतात, आणि ते पाहून व्याधाच्या हातून अश्रूंनी भिजलेले धनुष्य गळून पडते. येथे शाप नाही, ऋषी नाही, उपदेशही नाही. शिकाऱ्याला हरिणाचे दांपत्य समजते, कारण त्याला स्वतःचे दांपत्य ठाऊक आहे. राजाच्या मृगयेत करुणा बाहेरून, तपस्व्याच्या मुखातून येते. व्याधाच्या ठायी ती कृतीच्या आतूनच उमलते. हा भेद मराठी समीक्षेने अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा, असे येथे सुचवावेसे वाटते.

४. शिकार : दरबार, साहेब आणि परवाना

'शिकार' हा फारसी शब्द मराठीत दरबारी वातावरण घेऊन आला. पाळीव चित्त्याकडून काळवीट मारविण्याचा छंद मोगल दरबारात वैभवाला पोहोचला आणि संस्थानांतून विसाव्या शतकापर्यंत टिकला. कोल्हापूर संस्थान यासाठी प्रसिद्ध होते. भारतीय चित्ते दुर्मिळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणविण्यात आले. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये कुनो येथे आफ्रिकी चित्ते सोडण्यात आले, तेव्हा त्या जुन्या छंदाच्या आठवणींना पुन्हा उजाळा मिळाला. मात्र ज्या माळांमुळे तो छंद शक्य झाला, त्या माळांची आठवण त्या मानाने कमीच निघाली.

कोल्हापूरचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. राजर्षी शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी होते. त्याच शाहूंनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात गुन्हेगार मानलेल्या जातींवरील हजेरीची सक्ती रद्द केली आणि फासेपारध्यांना वस्ती व पहारेकऱ्याचे काम दिले. माग काढणे आणि रात्री जागणे हे पारध्याचे कौशल्य चोरीचे लक्षण न मानता राखणीचे सामर्थ्य मानण्याची ही दृष्टी होती. त्या काळाचा विचार करता ती अपवादात्मकच म्हणावी लागेल.

ब्रिटिश काळात शिकारीला बंदूक, परवाना आणि हंगाम यांची चौकट मिळाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यपशुपक्षी संरक्षण कायद्यानेही परवान्याचे तत्त्व कायम ठेवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हे चित्र बदलले. चिंकारा व काळवीट दोन्ही पहिल्या अनुसूचीत आले आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तेथेच आहेत. परिणामी 'शिकार' या शब्दाचा अर्थच उलटला. जो शब्द मर्दुमकी सांगत होता, तो आता वर्तमानपत्रात गुन्ह्याच्या बातमीत येतो. परंतु दिवाणखान्यातील शिंगे आणि जुन्या शिकारकथांतील रोमांच यांच्यामुळे परवानाधारक शिकाऱ्याची प्रतिमा स्मरणात प्रतिष्ठितच राहिली. ही सवलत पारध्याला मिळाली नाही.

५. पारध : कौशल्य आणि कलंक

'पारध' हा शब्द प्राकृतातील 'पारद्धि'शी नाते सांगतो. संस्कृत कोशांत शिकारीसाठी 'पापर्द्धि' असाही शब्द आहे आणि त्याचा अवयवार्थ 'पापाची वाढ' असा होतो. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. मृगया करणाऱ्याला 'मृगयू' हे जातिनाम चिकटले नाही. शिकार करणारा 'शिकारी' बंदूक खाली ठेवताच पुन्हा वकील किंवा जमीनदार होतो. पारध करणारा मात्र जन्माने 'पारधी' ठरतो. पहिल्या दोघांसाठी ती कृती आहे, तिसऱ्यासाठी ओळख.

फासेपारध्यांच्या पद्धतीचे तपशील रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मधील मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथासारख्या साधनांतून मिळतात. तातीचे फासे दोरीला बांधून वाटेवर रोवणे, कळपाला त्या दिशेने हळूहळू वळविणे, शिकविलेला बैल पुढे घालणे या त्यांतील काही पद्धती होत. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला रानातल्या नराशी झुंजविणे ही त्यांतील विशेष लक्ष वेधणारी रीत होय. झुंजीत रानटी नर स्वतःच अडकतो. येथे शिकाऱ्याचा वेग कामी येत नाही. त्याला नराचा आपल्या क्षेत्राविषयीचा अभिमान, कळपातील क्रम, वाऱ्याची दिशा आणि पळतीची वाट हे सर्व ठाऊक असावे लागते. शाकुंतलातील सेनापती ज्या ज्ञानाची स्तुती करतो, ते ज्ञान खऱ्या अर्थाने येथे आहे.

परंतु ज्या काळात हे तपशील नोंदले गेले, त्याच काळात ते जाणणाऱ्यांची नोंद पोलिसांच्या दप्तरातही होत होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे विस्तारत गेला. हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट आणि जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का हे त्याचे फलित होय. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला, पण गावाच्या नजरेतून पुसला गेला नाही. १९७२ च्या अधिनियमाने तर उपजीविकेचे उरलेसुरले साधनही बेकायदा ठरले. कायदा सर्वांना समान होता, त्याचा भार समान नव्हता. एकाला छंद सोडावा लागला, दुसऱ्याला पोट.

येथे भाबड्या गौरवीकरणापासून सावध राहिले पाहिजे. फासा नर, मादी, पाडस असा भेद करीत नाही. पाडसे व गाभण माद्या त्यात सापडू शकतात. चिंकाऱ्याचा अधिवास आज इतका आक्रसला आहे की कोणत्याही रूपातील शिकारीचे समर्थन करता येणार नाही. प्रश्न शिकार पुन्हा सुरू करण्याचा नसून, तिच्यातून साठलेल्या ज्ञानाला वाङ्मयात व व्यवहारात स्थान देण्याचा आहे.

६. आधुनिक मराठी लेखन आणि माळाचे विस्मरण

आधुनिक मराठीत या विषयाच्या सर्वांत जवळ आलेले लेखक म्हणजे व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१). ते माणदेशचे, म्हणजे माळाचेच लेखक. 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) यांतून त्यांनी दुष्काळी माळावरचा माणूस व मेंढरू मराठीच्या नकाशावर आणले. बंदूक घेऊन हिंडणारा हा लेखक पुढे वही व रेखाचित्राकडे वळला, हा प्रवासही सुपरिचित आहे. परंतु वन्यजीवन हाच लेखनाचा विषय झाला, तेव्हा त्यांची दृष्टी प्रामुख्याने 'नागझिरा'सारख्या विदर्भातील अरण्याकडे गेली. 'सत्तांतर' (१९८२) मधील वानरटोळ्यांचे जगही वृक्षांचे आहे. ढोबळमानाने असे म्हणता येईल की, त्यांच्या लेखनात माळ माणसाच्या वाट्याला आला आणि निसर्ग अरण्याच्या. हा माडगूळकरांचा दोष नव्हे. निसर्ग म्हणजे झाडी, आणि माळ म्हणजे झाडी नसलेली जागा, ही आपल्या सामूहिक कल्पनेची मर्यादा त्यातून व्यक्त होते.

मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेच्या काळात आदिवासी व भटक्या जमातींकडून मिळालेली माहिती आणि शब्द आपल्या लेखनात आणले. पारध्याला माहीतगार मानण्याची वाट त्यांनी दाखविली, हे त्यांचे मोठे श्रेय होय. तथापि माहिती देणारा तेथेही बहुधा माहिती देणाराच राहतो, निवेदक होत नाही. भटक्या-विमुक्तांची आत्मकथने निवेदकाची ही जागा घेऊ शकली असती. 'उपरा' (१९८०) व 'उचल्या' (१९८७) यांनी मराठी वाङ्मयाला हादरा दिला. मात्र त्या पारधी समाजातील कृती नव्हेत, आणि त्यांचा केंद्रबिंदू भूक, पोलीस व अपमान हा आहे. अत्याचाराची साक्ष देणे ही त्या लेखनाची तातडीची गरज होती. कौशल्याची साक्ष देण्याची सवड अजून मिळावयाची आहे.

लोकमानसात मात्र उघड्यावरची पारध टिकून राहिली आहे, ती आकाशात. मृग नक्षत्र, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे असलेला तेजस्वी व्याध हे चित्र शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. जूनच्या आरंभी लागणाऱ्या त्याच मृगाच्या पावसाची वाट बारामती-इंदापूरचा जिरायत भाग दरवर्षी पाहतो. ज्या दृश्याने आपली पेरणीची वेळ ठरते, ते दृश्य माळावरच्या शिकारीचे आहे, ही जाणीव मात्र लोपली आहे.

७. तुलनेचा एक संदर्भ : अमेरिकेतील प्राँगहॉर्न

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील प्राँगहॉर्न हा प्राणी आपल्या काळविटासारखा दिसतो, पण तो वेगळ्याच कुळाचा एकमेव उरलेला वारस आहे. दरवर्षी शिंगांचे बाह्य आवरण टाकणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याचा वेग आजच्या कोणत्याही अमेरिकी भक्षकाच्या तुलनेत अनाठायी वाटावा इतका अधिक आहे. चित्त्यासारख्या नामशेष भक्षकांची ती आठवण असावी, अशी मांडणी जॉन बायर्स या प्राणिशास्त्रज्ञाने केली. या प्राण्याच्या कुतूहलाचा फायदा घेऊन, कापड हालवून त्याला जवळ बोलाविण्याची युक्ती तेथील शिकारी वापरीत. पारध्याच्या शिकविलेल्या काळविटामागील तत्त्वही हेच आहे. उघड्यावर प्राण्याचा स्वभाव हाच शिकाऱ्याचा आडोसा असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्राँगहॉर्न काही हजारांवर आला होता. परवाना, मर्यादित हंगाम, आणि शस्त्र-दारूगोळ्यावरील कराचा निधी वन्यजीवांकडे वळविणारा १९३७ चा कायदा यांच्या साहाय्याने त्याची संख्या पुन्हा लाखांत गेली. तेथे शिकारी हा संरक्षणाचा भागीदार मानला गेला. तथापि सामूहिक हाक्याने प्राँगहॉर्न पकडणाऱ्या शोशोनी व पायूट या मूळ जमातींचा त्यांच्या भूमीवरील हक्क त्याआधीच हिरावला गेला होता. म्हणजे तेथेही प्रतिष्ठा मिळाली ती परवान्याच्या शिकारीला. हा आदर्श आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही. मात्र शिकाऱ्याच्या ज्ञानाला संस्थात्मक स्थान देता येते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

८. वर्तमान आणि वाङ्मयाची जबाबदारी

महसुली भाषेत माळ 'पडीक' ठरला. 'पडीक' ठरल्यामुळे त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावणे हे सुधारणेचे काम वाटले. गवत हाच ज्यांचा आधार, त्या प्राण्यांसाठी ती सुधारणा नव्हती. अलीकडे हे चित्र काहीसे बदलत असून वनविभागाने कडबनवाडी व शिर्सुफळ परिसरात गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा पाहण्यासाठी शहरातील माणूस प्रथमच माळाकडे वळत आहे. परंतु पाहणाऱ्याला दाखविणारा कोण, हा प्रश्न उरतोच. माग ओळखणारा पारधी आणि लांडग्याची चाल जाणणारा धनगर यांना या नव्या व्यवहारात राखणदार व वाटाड्या म्हणून प्रतिष्ठेचे स्थान मिळाले नाही, तर मृगया व शिकार यांच्यातील जुना अन्याय पर्यटनाच्या रूपाने चालू राहील.

या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापकांवरही एक जबाबदारी येते. या दोन तालुक्यांतील मराठी, इतिहास व प्राणिशास्त्र या विभागांच्या वर्गांत पारधी व धनगर कुटुंबांतील विद्यार्थी बसतात. त्यांच्या घरातील माळाविषयीचे शब्द, म्हणजे गवतांची, पायवाटांची व पावलांच्या ठशांची नावे, प्रकल्पलेखनाच्या निमित्ताने नोंदली गेली, तर भाषेचे आणि माळाचे एकाच वेळी जतन होईल. या नोंदीवर त्या विद्यार्थ्याचे नाव निवेदक म्हणून असावे, केवळ माहिती पुरविणारा म्हणून नव्हे.

९. निष्कर्ष

१. माळावरील शिकार ही अरण्यातील शिकारीपेक्षा स्वरूपतः वेगळी असून ती प्राण्याच्या स्वभावज्ञानावर आणि गुरांच्या सहवासावर आधारलेली होती. त्यामुळे माळ 'ओसाड' किंवा 'पडीक' नसून सामाईक जीवनक्षेत्र होता, हे स्पष्ट होते.

२. 'मृगया', 'शिकार' व 'पारध' हे शब्द एकाच कृतीचे तीन सामाजिक दर्जे दर्शवितात. त्यांतील केवळ तिसरा शब्द माणसाची जन्मजात ओळख आणि पुढे कलंक बनला.

३. शिकाऱ्याला आतून समजून घेणारी 'गाथासप्तशती'ची परंपरा मराठीला उपलब्ध असूनही आधुनिक लेखनाने तिचा पुरेसा विस्तार केला नाही.

४. आधुनिक वन्यजीवनलेखनाने निसर्गाचे केंद्र प्रामुख्याने अरण्यात मानल्यामुळे माळावरील वन्यजीव आणि त्याचे जाणकार दोघेही परिघावर राहिले.

५. शिकारबंदी आवश्यकच आहे. परंतु बंदीबरोबर ज्ञानाचीही बंदी होऊ नये. चिंकारा ज्यांना दुरून, गवताच्या एका हालचालीवरून ओळखता येतो, त्यांनी स्वतः लिहिलेले माळाचे पुस्तक मराठीत येणे ही या प्रदेशाची वाङ्मयीन आणि सामाजिक अशी दुहेरी गरज आहे.